मृतांना ऐकू येते काय? इस्लामी परंपरेतील चौदाशे वर्षांचा एक वाद

काही वर्षांपूर्वी आमच्या अंधेरीच्या धर्मग्रामाच्या हद्दीत राहणारे एक वृद्ध मुस्लिम गृहस्थ वारले. कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, कोकणी मुसलमान. त्यांच्या मुलाशी माझा जुना स्नेह असल्यामुळे दफनाच्या वेळी मीही कबरस्तानात गेलो होतो. माती लोटून झाली, दुआ झाली, लोक परतू लागले. एक मौलवी मात्र कबरीच्या उशाशी बसून राहिले. त्यांनी मृताला त्याच्या आईच्या नावासह हाक मारली आणि हलक्या आवाजात ते त्याला काही समजावून सांगू लागले. मला संध्याकाळच्या मिस्साला पोहोचायचे होते, म्हणून मी घाईने फाटकाकडे निघालो. तेवढ्यात मुलगा मागून येऊन हळूच म्हणाला, "फादर, जरा सावकाश चला. आपल्या चपलांचा आवाज अब्बांना ऐकू येतोय."

मी थबकलो. शोकाच्या भरात माणूस बोलतो तसे हे बोलणे असेल, अशी मी प्रथम समजूत करून घेतली. पुढे थोडा अभ्यास केल्यावर कळले, की त्या मुलाच्या वाक्यामागे एक हदीस होती, त्या हदीसमागे एक वाद होता आणि तो वाद खुद्द पैगंबरांच्या घरातून सुरू झालेला होता. मृतांना जिवंतांचे बोलणे ऐकू येते का, या प्रश्नाला मुस्लिम विद्वान 'समा-ए-मौता' म्हणजे 'मृतांचे ऐकणे' असे नाव देतात. या प्रश्नाचा इतिहास आपण कॅथलिकांनी जाणून घेण्यासारखा आहे. दर नोव्हेंबरात आपणही कबरींपाशी मेणबत्त्या लावून उभे राहतो आणि आपल्या माणसांशी मनातल्या मनात बोलतोच.

बद्रची विहीर

इ. स. ६२४ मध्ये, हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, मदिनेजवळ बद्र येथे मुस्लिमांची मक्केच्या कुरैश टोळीशी लढाई झाली. कुरैशांचे सुमारे सत्तर लोक पडले. त्यांच्यातील चोवीस सरदारांची प्रेते तेथल्या एका पडक्या विहिरीत टाकण्यात आली. तिसऱ्या दिवशी परतीचा प्रवास सुरू करण्यापूर्वी पैगंबर महंमद त्या विहिरीच्या काठाशी गेले. एकेका मृताला त्याच्या आणि त्याच्या बापाच्या नावाने हाक मारून त्यांनी विचारले, की तुमच्या प्रभूने दिलेले वचन खरे ठरल्याचे आता तुम्हाला दिसले ना? हजरत उमर शेजारी उभे होते. त्यांना नवल वाटले. प्राण नसलेल्या देहांशी आपण कसे बोलता, असे त्यांनी विचारले. त्यावर पैगंबर म्हणाले, की मी बोलतो ते तुम्हाला त्यांच्यापेक्षा अधिक चांगले ऐकू येत नाही. फरक एवढाच, की ते उत्तर देऊ शकत नाहीत.

हा प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही अतिशय विश्वसनीय मानल्या गेलेल्या हदीस-संग्रहांत आहे. त्याच संग्रहांत ती दुसरी हदीसही आहे, जिच्या आधारे त्या मुलाने मला सावकाश चालायला सांगितले. मृताला कबरीत ठेवून लोक परत फिरतात तेव्हा त्यांच्या पादत्राणांचा आवाज तो ऐकतो आणि मग दोन देवदूत येऊन त्याला त्याच्या श्रद्धेविषयी प्रश्न विचारतात, असे तीत सांगितले आहे. पुढील परंपरेने या देवदूतांना मुनकर आणि नकीर ही नावे दिली. कबरस्तानात शिरताना तेथील रहिवाशांना सलाम करून, ईश्वराची इच्छा असेल तेव्हा आम्हीही येऊन तुम्हाला मिळू, असे म्हणण्याची शिकवणही पैगंबरांनी दिली. ज्याला ऐकूच येत नाही त्याला सलाम कशाला करायचा, असा प्रश्न पुढे अनेक विद्वानांनी केला.

इजिप्त जिंकणारे सेनानी अम्र इब्न अल-आस यांचे मृत्युसमयीचे बोलणे तर फार हृद्य आहे. त्यांनी जवळच्यांना सांगितले, की मला पुरल्यावर लगेच निघून जाऊ नका. एक उंट कापून त्याचे मांस वाटायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ माझ्या कबरीभोवती थांबा. तुमच्या सोबतीने मला धीर येईल आणि माझ्या प्रभूच्या दूतांना काय उत्तर द्यावे ते मला सुचेल. ज्याने आयुष्यभर सैन्ये हाकली, त्या माणसाने अखेरीस एवढेच मागितले.

हजरत आयेशा यांचा आक्षेप

बद्रची हकिगत अब्दुल्लाह इब्न उमर सांगत असत. ती पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी ती स्वीकारली नाही. दोन हजारांहून अधिक हदीसी ज्यांच्या नावावर सांगितल्या जातात, अशा या विदुषी होत्या. त्यांचे म्हणणे असे, की पैगंबरांनी 'त्यांना ऐकू येते' असे म्हटलेच नव्हते, 'त्यांना आता सत्य कळले आहे' असे म्हटले होते. ऐकणाऱ्याने शब्द चुकवले. आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ त्यांनी कुराणातील दोन वचने पुढे केली. तू मृतांना ऐकवू शकत नाहीस, असे एक वचन सांगते. कबरीत असणाऱ्यांना तू ऐकवणारा नाहीस, असे दुसरे. कुराण स्पष्ट असताना एखाद्याच्या स्मरणावर विसंबून त्याविरुद्ध जाता येणार नाही, हा त्यांचा दंडक होता. कुटुंबीय रडले की मृताला शिक्षा होते, हे इब्न उमर यांचे कथनही त्यांनी असेच नाकारले. कुणी दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहत नाही, हे कुराणाचे वचन त्यांनी त्याविरुद्ध उभे केले. चौदाव्या शतकात कैरोचे विद्वान अझ-झरकशी यांनी, आयेशांनी इतरांच्या कथनांत केलेल्या अशा दुरुस्त्यांचा एक स्वतंत्र ग्रंथच सिद्ध केला.

यावर प्रतिपक्षाचे उत्तर असे, की या दोन वचनांतील 'मृत' हा शब्द लाक्षणिक आहे. ज्यांची अंतःकरणे सत्यापुढे बंद झाली आहेत अशा जिवंत माणसांविषयी ती वचने आहेत. शिवाय तेथे 'तू ऐकवू शकत नाहीस' असे म्हटले आहे, 'ईश्वर ऐकवू शकत नाही' असे म्हटलेले नाही. आठव्या शतकाच्या आरंभीचे बसरा येथील विद्वान कतादा यांनी मधला मार्ग काढला. त्या विहिरीतल्या मृतांना ईश्वराने तेवढ्या क्षणापुरते जिवंत केले, म्हणून त्यांनी ऐकले. तो एक चमत्कार होता, नियम नव्हे.

मला मात्र या वादापेक्षा हजरत आयेशांविषयीच्या दुसऱ्या दोन नोंदी अधिक बोलक्या वाटतात. पैगंबरांचे दफन त्यांच्या राहत्या खोलीत झाले. पुढे त्यांचे वडील हजरत अबू बक्र यांनाही तेथेच पुरण्यात आले. तोवर त्या खोलीत त्या घरच्यासारख्या वावरत. एक पती, दुसरे वडील, असे त्या म्हणत. इ. स. ६४४ मध्ये हजरत उमर यांना तेथे पुरल्यानंतर मात्र, परपुरुषाच्या लाजेने, त्या अंगभर वस्त्र लपेटून घेतल्याशिवाय आत जात नसत, अशी नोंद इमाम अहमद यांच्या संग्रहात आहे. दुसरी नोंद त्यांच्या भावाविषयी आहे. अब्दुर्रहमान मक्केजवळ वारले आणि त्यांना मक्केत आणून पुरले गेले. पुढे आयेशा त्या कबरीपाशी गेल्या तेव्हा त्यांनी शोकाच्या काही काव्यपंक्ती म्हटल्या आणि थेट भावालाच उद्देशून सांगितले, की मी हजर असते तर तू जेथे वारलास तेथेच तुला पुरले असते.

मृतांना ऐकू येत नाही असे ठासून सांगणारी बहीण भावाच्या कबरीशी बोलली. याला कुणी विसंगती म्हणेल. मला ती तशी वाटत नाही. बुद्धीने मांडलेला सिद्धांत आणि जिव्हाळ्याने उच्चारलेला शब्द, ही दोन्ही एकाच श्रद्धावान अंतःकरणात नांदू शकतात. (स्त्रियांनी कबरींना भेट द्यावी की नाही, या प्रश्नावरही भेटीला अनुकूल असणारे विद्वान आयेशांच्या याच भेटीचा दाखला देतात. मुंबईत हाजी अली दर्ग्याच्या गाभाऱ्यात स्त्रियांना केलेली मनाई २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवली, हे वाचकांना आठवत असेल.)

ऐकणे वेगळे, मागणे वेगळे

मृत्यू आणि अंतिम उत्थान यांमधील काळाला कुराणात 'बरझख' म्हटले आहे. बरझख म्हणजे आडपडदा. दोन पाण्यांना एकमेकांत मिसळू न देणाऱ्या अडसरासाठीही कुराण हाच शब्द वापरते. या पडद्यातून आवाज पलीकडे जातो का, यावर पुढील शतकांत धर्मशास्त्राच्या निरनिराळ्या पंथांनी निरनिराळी उत्तरे दिली.

हनफी पंथाच्या ग्रंथांत एक चमत्कारिक वाटणारे उदाहरण येते. 'मी अमुक माणसाशी बोलणार नाही' अशी एखाद्याने शपथ घेतली आणि त्या माणसाच्या मृत्यूनंतर तो त्याच्या प्रेताशी बोलला, तर शपथ मोडली का? हनफी शास्त्री म्हणतात, नाही. कारण बोलणे म्हणजे समजावणे आणि प्रेताला समजत नाही. एकोणिसाव्या शतकात बगदादचे नुमान अल-आलूसी यांनी अशा हनफी मतांच्या आधारे, मृत ऐकत नाहीत हे सिद्ध करणारा ग्रंथ लिहिला. उलट शाफई पंथाचे अनेक थोर आचार्य दफनानंतर 'तलकीन' करणे चांगले मानतात. देवदूतांच्या प्रश्नांची उत्तरे मृताला आठवून द्यावीत म्हणून कबरीशी बसून त्याला आईच्या नावाने हाक मारायची. आईचे नाव ठाऊक नसेल तर सर्वांची माता हव्वा, तिच्या नावाने. ज्या हदीसवर हा विधी आधारलेला आहे ती कच्ची असल्याचे हेच आचार्य मान्य करतात, तरी विधी सोडत नाहीत. आपले कोकणी मुसलमान शाफई पंथाचे आहेत. मौलवी कबरीच्या उशाशी का थांबले होते, याचा मला असा उलगडा झाला.

आता एक गोष्ट पुष्कळांना अनपेक्षित वाटेल. कबरपूजेचे सर्वांत कडवे विरोधक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या दमास्कसच्या इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांनी मृतांचे ऐकणे नाकारले नाही. त्यांचे शिष्य इब्न कय्यिम (१२९२–१३५०) यांनी आत्म्यावरील आपल्या ग्रंथात, भेटीस आलेल्याला मृत ओळखतात, असे विस्ताराने मांडले. इब्न तैमियांचा विरोध होता तो मृतांकडे मागण्याला आणि केवळ कबरीच्या दर्शनासाठी यात्रा करण्याला. या मतांपायी १३२६ साली त्यांना दमास्कसच्या किल्ल्यात कैद झाली आणि तेथेच दोन वर्षांनी त्यांचा अंत झाला.

या वादाचे खरे मर्म येथे आहे. मृत ऐकतात का, हा एक प्रश्न. ऐकत असतील तर त्यांच्याकडे काही मागावे का, हा दुसरा. दोहोंची गल्लत केली की अर्धे भांडण नुसत्या गैरसमजावर उभे राहते. दुसऱ्या प्रश्नावर दोन्ही पक्ष हजरत उमर यांच्याच एका प्रसंगाकडे बोट दाखवतात. दुष्काळात उमर यांनी पावसासाठी प्रार्थना करताना पैगंबरांचे हयात चुलते अब्बास यांना पुढे केले. एक पक्ष म्हणतो, पाहा, त्यांनी मृत पैगंबरांकडे धाव घेतली नाही. दुसरा म्हणतो, पाहा, त्यांनी ईश्वराकडे जाताना मध्यस्थ घेतलाच.

माहीम, बरेली, देवबंद

हा वाद मुंबईला परका नाही. माहीमच्या दर्ग्यात चिरविश्रांती घेणारे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे केवळ लोककथांतले पीर नव्हते. ते शाफई पंथाचे शास्त्री आणि अरबी भाषेत संपूर्ण कुराणावर भाष्य लिहिणारे पंडित होते. पोर्तुगीजांचे पाऊल मुंबई बेटांवर पडण्याच्या शंभर वर्षे आधी माहीममध्ये अशा तोडीची विद्वत्ता नांदत होती. दर डिसेंबरात त्यांचा उरूस भरतो आणि पहिला संदल मुंबई पोलिसांतर्फे नेला जातो. 'उरूस' या शब्दाचा मूळ अर्थ विवाह. संताचा मृत्यू म्हणजे त्याचे ईश्वराशी मीलन, म्हणून पुण्यतिथी हा शोकाचा दिवस न राहता आनंदाचा होतो. त्याच माहीममध्ये संत मायकलच्या चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी साहाय्यमातेची नोव्हेना चालते आणि तेथे सर्व धर्मांचे लोक आपली गाऱ्हाणी घेऊन येतात. दर्ग्यात चादर चढवून आलेली माउली नोव्हेनाला येऊन मेणबत्ती लावते, हे माहीमला नवे नाही.

एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात या प्रश्नाला नवी धार आली. शाह इस्माईल (१७७९–१८३१) यांनी पीर आणि कबरी यांभोवतीच्या प्रथांवर कठोर टीका करणारा ग्रंथ लिहिला. १८६६ मध्ये देवबंदचा मदरसा स्थापन झाला. बरेलीचे अहमद रझा खान (१८५६–१९२१) यांनी उलट बाजूने लेखणी उचलली आणि मृतांच्या ऐकण्याच्या समर्थनार्थ एक खास ग्रंथ रचला. ईश्वराच्या देणगीने त्याचे प्रिय भक्त मृत्यूनंतरही ऐकतात आणि साह्य करतात, ही बरेलवी धारणा. देवबंदी विद्वानांनी साह्य मागण्याला विरोध केला. परंतु ऐकण्याच्या प्रश्नावर त्यांचे एक ज्येष्ठ आचार्य रशीद अहमद गंगोही यांनी, हा मतभेद पैगंबरांच्या सहकाऱ्यांपासूनच चालत आलेला आहे, असे सांगून संयम राखला. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाकिस्तानातील देवबंदी याच विषयावरून आपसांत दुभंगले. पैगंबर आपल्या कबरीत जिवंत असून जवळून केलेला सलाम ऐकतात, असे मानणारे 'हयाती' आणि न मानणारे 'ममाती' असे दोन तट पडले. मुंबईतही काही मशिदींचे बरेलवी किंवा देवबंदी असणे शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत असते. या भेदामागचे कारण मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

जुहूचा माड आणि २०२० चे वर्ष

ग्रंथांतून बाहेर येऊन आता आपल्या शेजारी पाहू. अंधेरीला लागूनच असलेल्या जुहूच्या मुस्लिम कबरस्तानात अभिनेत्री मधुबाला १९६९ मध्ये आणि गायक महंमद रफी १९८० मध्ये पुरले गेले. २०१० साली जागेअभावी येथील जुन्या कबरी हटवून नव्या दफनांसाठी भूमी मोकळी करण्यात आली. त्यांत या दोघांच्याही कबरी गेल्या. धर्मदृष्ट्या त्यात वावगे नव्हते. कबर पक्की बांधू नये, असे पैगंबरांचे सांगणे आहे आणि मातीत मिसळलेल्या देहाच्या जागी दुसऱ्या देहाला विसावा देणे शास्त्राला मान्य आहे. आपल्याही मुंबईच्या दफनभूमींत काही वर्षांनी अस्थी उचलून जागा मोकळी करावी लागते, हे प्रत्येक कॅथलिक कुटुंब जाणते. तरीही २४ डिसेंबर आणि ३१ जुलै, रफींच्या जन्माच्या आणि मृत्यूच्या दिवशी, चाहते तेथे येतात आणि जवळच्या एका माडाच्या खुणेने जागा ओळखतात. ज्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, त्याला आता आपला आवाज पोहोचतो का, हा प्रश्न त्या माडाखाली कुणी विचारत नसेल. पण माणसे येतात आणि उभी राहतात.

२०२० मध्ये हाच प्रश्न अधिक व्याकूळ करणारा झाला. ३० मार्च रोजी मुंबई महापालिकेने करोनाने वारलेल्या सर्वांचे, धर्म न पाहता, दहन करण्याचा आदेश काढला आणि काही तासांतच तो मागे घेतला. वांद्र्याच्या कबरस्तानांतील दफनाविरुद्ध काही रहिवासी न्यायालयात गेले. २२ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली आणि सन्मानाने अंत्यविधी होणे हा माणसाच्या प्रतिष्ठेच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. त्या दिवसांत किती कबरींभोवती माणसे थांबूच शकली नाहीत! ज्या श्रद्धेत परतणाऱ्यांच्या पावलांचा आवाज हाच मृताचा जगाशी शेवटचा संबंध असतो, त्या श्रद्धेच्या घरांना त्या निःशब्द दफनांनी काय वाटले असेल, हे आपण समजू शकतो. आपल्या घरांनीही ते दुःख भोगले आहे.

आपल्या घरचा प्रश्न

हा वाद केवळ इस्लामचा आहे असे कुणी समजू नये. सुमारे ४२१ साली नोला येथील बिशप पॉलिनस यांनी संत ऑगस्टीन यांना विचारले, की एका विधवेने आपल्या मुलाला संत फेलिक्सच्या समाधीजवळ पुरले आहे. त्याचा त्या मुलाच्या आत्म्याला उपयोग होईल काय? उत्तरादाखल ऑगस्टीन यांनी मृतांच्या सेवेविषयी एक छोटा ग्रंथच लिहिला. जागेने काही होत नाही, प्रार्थनेने होते, असे त्यांनी सांगितले. मृतांना येथल्या घडामोडी स्वतःहून कळतात, हेही त्यांना पटत नव्हते. त्यासाठी त्यांनी दिलेला पुरावा त्यांच्या स्वतःच्या दुःखातून आला होता. मृत आत्म्यांना जिवंतांच्या व्यवहारात भाग घेता आला असता, तर माझी आई मोनिका एकही रात्र मला भेटल्यावाचून राहिली नसती, असे ते म्हणाले. मुलाच्या मागे तिने जमीन आणि समुद्र ओलांडले होते. मृतांना येथले जे काही कळते ते देवदूतांकडून, नुकत्याच तेथे पोहोचलेल्या आत्म्यांकडून किंवा ईश्वराच्या कृपेने कळते, असा त्यांनी निष्कर्ष काढला. याच मोनिकाने ३८७ साली मरताना मुलांना बजावले होते, की माझा देह कुठेही ठेवा, पण प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा.

हजरत आयेशा आणि संत ऑगस्टीन यांच्यात दोन शतकांचे अंतर आणि दोन धर्मांची भिन्नता आहे. तरी दोघांनाही एकच भीती होती: मृतांविषयीच्या मायेपोटी ईश्वराचे स्थान दुसऱ्या कुणाला दिले जाऊ नये. आपल्या ख्रिस्तसभेने १५६३ मध्ये ट्रेंटच्या विश्वपरिषदेत संतांना साद घालणे हितकारक असल्याचे सांगितले, पण देणारा ईश्वरच आहे हेही त्याच वेळी ठामपणे नमूद केले. संत आपली प्रार्थना ऐकतात ती स्वतःच्या कानांनी नव्हे, तर ईश्वराच्या सान्निध्यात आणि त्याच्याच प्रकाशात, असे आपले धर्मपंडित शिकवत आले. म्हणून दर्ग्यावर धागा बांधणाऱ्या शेजाऱ्याला अज्ञानी म्हणून हसण्याचा, किंवा दर्ग्याची पायरी न चढणाऱ्याला शुष्क म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. दोघेही आपल्यासारख्याच एका जुन्या प्रश्नापुढे उभे आहेत. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने मुस्लिमांकडे आदराने पाहण्याची शिकवण दिली. आदराने पाहायचे तर आधी त्यांचा प्रश्न समजून घ्यायला हवा.

त्या दिवशी मी सावकाशच चालत फाटकापर्यंत गेलो. त्या वृद्ध गृहस्थांना माझी पावले ऐकू आली का, याचे उत्तर मी आजही देऊ शकणार नाही. मिस्साला पाच मिनिटे उशीर झाला. भाविकांची क्षमा मागून मी मिस्सा सुरू केला आणि मृतांच्या स्मरणाच्या वेळी नेहमीच्या नावांनंतर मनात आणखी एक नाव घेतले. त्याच्या आईचे नाव मला ठाऊक नव्हते. म्हणून आपल्या सर्वांच्या आद्य मातेचेच घेतले.